दोघांची विदूषकी, लोकांचे नाटक: जोडीने सामुदायिक फिजिकल थिएटर उभे करण्याची रीत

दोन कलावंत एखाद्या वस्तीत, वृद्धाश्रमात, शाळेत किंवा निवारा केंद्रात काही आठवडे जातात, तेथील लोकांबरोबर खेळतात, त्यांचे ऐकतात, आणि त्या सहवासातून फार थोड्या शब्दांचा, मुख्यतः शरीराने बोलणारा एक विनोदी प्रयोग उभा करतात. या कामाला सामुदायिक फिजिकल थिएटर म्हणता येईल आणि त्याचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे क्लाउनिंग, म्हणजेच विदूषकी. हा लेख असे काम जोडीने करू पाहणाऱ्यांसाठी आहे. एकट्याने करण्यापेक्षा हे काम सोपेही असते आणि अवघडही; सोपे अशासाठी की रंगमंचावर पहिल्या क्षणापासून नाते तयार असते, आणि अवघड अशासाठी की तेच नाते तालमीबाहेरही सांभाळावे लागते.

सुरुवातीलाच एक कसोटी सांगून ठेवते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच तपासायची आहे. विदूषकाची जागा प्रेक्षकाच्या एक पायरी खाली असते. जो चुकतो, अडखळतो, हरतो आणि तरीही उत्साहाने पुन्हा उठतो, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला आपण शहाणे आहोत, समर्थ आहोत असे काही काळ वाटते. ज्यांना इतर वेळी सतत सल्ले ऐकावे लागतात त्यांच्यासाठी हा अनुभव फार मोलाचा असतो. म्हणून कोणताही निर्णय घेताना जोडीने स्वतःला विचारावे: यात वरचष्मा कोणाचा राहतो, लोकांचा की आमचा?

आधी दोघांचे ठरवा, आणि लिहून ठेवा

कलेच्या मतभेदांवरून जोड्या फारशा फुटत नाहीत. पैसा, वेळ आणि श्रेय यांबद्दल जे बोलायचे राहून जाते त्यावरून फुटतात. पहिल्या तालमीच्या आधी दोन पानांचा लेखी करार करावा. दोघे नवराबायको असले, भावंडे असली किंवा बालमित्र असले तरीही करावा, किंबहुना अशा वेळी तो अधिक गरजेचा असतो. मानधनाची वाटणी कशी होणार, फोन, पत्रव्यवहार, कपडे धुणे आणि सामानाची ने-आण यांचे तास धरले जाणार की नाही, यजमान संस्थेशी बोलणार कोण, एकजण आजारी पडल्यास प्रयोग रद्द करायचा की एकट्याने करता येईल असा छोटा प्रवेश हाताशी ठेवायचा, हे सगळे त्यात यावे.

दोन कलमे मी कधीच वगळत नाही. पहिले कलम नकाराधिकाराचे: कोणतीही उडी, उचल, स्पर्श किंवा विनोद दोघांपैकी एकालाही नको असेल तर तो होणार नाही, आणि नकाराचे कारण विचारले जाणार नाही. दुसरे कलम फारकतीचे: जोडी मोडली तर एकत्र रचलेले प्रवेश कोण करू शकेल? माझ्या पहिल्या जोडीदाराबरोबर मी एका शिडीवर पंधरा मिनिटांचा प्रवेश रचला होता. आम्ही वेगळे झालो तेव्हा तो कोणाचा हे ठरलेलेच नव्हते. एकमेकांच्या संकोचापोटी दोघांनीही तो पुन्हा केला नाही, आणि वर्षभराची मेहनत वाया गेली.

तफावत शोधा

युरोपीय सर्कशीच्या परंपरेत विदूषकांची एक ठरलेली जोडी आहे. एक पांढऱ्या चेहऱ्याचा, नीटनेटका, हुकूम सोडणारा. दुसरा ‘ऑगस्ट’, ढगळ कपड्यांचा, प्रत्येक हुकमाचा विचका करणारा. जोडीने काम करणाऱ्याला ही विभागणी समजलेली हवी, पण उंच तो मालक आणि बुटका तो नोकर अशी वरवरची वाटणी करू नये. जुन्या विनोदी चित्रपटांतील लॉरेल आणि हार्डी यांच्याकडे पाहावे. 1927 पासून जोडी म्हणून ओळखल्या गेलेल्या या दोघांत हार्डी स्वतःला शहाणा समजतो, सूत्रे हाती घेतो, आणि नेमका तोच अधिक फसतो. अधिकार गाजवणाराही तितकाच मूर्ख असणे, हे जोडीच्या विनोदाचे मला सर्वांत उदार रूप वाटते, कारण त्यात कोणीही कोणाला खरोखर चिरडत नाही.

याची दुसरी बाजूही विसरू नये. 19 व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये इंग्लिश विदूषक जॉर्ज फुटिट आणि क्यूबात गुलामीत जन्मलेले राफाएल पादिया, म्हणजे ‘शोकोला’, यांची जोडी अतिशय लोकप्रिय होती. त्यांच्या प्रवेशांत मार खाणारा बहुधा शोकोलाच असे, आणि प्रेक्षक त्या माराला हसत. पादिया असामान्य कलावंत होते. पण रंगमंचावरची उतरंड बाहेरच्या जगातल्या उतरंडीसारखीच असेल, तर विदूषक तिला धक्का देत नाही, उलट बळकटी देतो. म्हणून ज्या समाजगटासमोर तुम्ही उभे राहणार आहात, त्याच्या नजरेत तुमच्यापैकी वरचढ कोण दिसतो हे आधी ओळखा. मग त्याला खाली पाडणारे प्रसंग अधिक रचा.

स्वतःचे नाते शोधण्यासाठी पुढील सराव करावा. एक खुर्ची, एक कोट आणि रिकामी जागा घ्या. दहा मिनिटे, न बोलता, दोघांनी फक्त एवढेच करायचे: खुर्ची दोघांनाही हवी आहे आणि कोट एकालाही नको आहे. गंमत करण्याचा प्रयत्न करू नका. मोबाइल एका कोपऱ्यात लावून चित्रण करा, आणि हाच खेळ पाच वेगवेगळ्या दिवशी खेळा. मग सलग सर्व चित्रणे पाहा आणि काय काय पुन्हा पुन्हा घडते ते लिहा: आधी कोण हार मानतो, कोण समजूत घालतो, कोण रुसतो, कोणाचा श्वास आधी वाढतो. जे पाचांपैकी चार वेळा घडले ते तुमचे नाते, आणि पुढची सगळी रचना त्याच्यावर उभी राहील.

नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टोन यांनी नाट्यप्रशिक्षणात रूढ केलेली ‘स्टेटस’ची कल्पना इथे कामी येते. दोन माणसे समोरासमोर आली की त्यांच्यात वरचढ आणि खालच्या स्थानाची सूक्ष्म देवघेव सुरू होते. नजर रोखणे, मान न हलवणे, जागा व्यापणे यांनी माणूस वर जातो, तर चेहऱ्याला हात लावणे, नजर वारंवार चोरणे, अंग आक्रसणे यांनी खाली येतो. प्रत्येकाने 1 ते 10 मधला एक आकडा मनात धरून खुर्चीचा खेळ पुन्हा खेळावा आणि मध्येच आकड्यांची अदलाबदल करावी. प्रेक्षक हसतात ते सहसा त्या अदलाबदलीच्या क्षणी.

शरीराची रोजची तालीम

जोडीने रोज पाऊण तास शरीराला द्यावा. यात चमत्कार काही नाही, पण हा पाऊण तास चुकला की प्रयोगात दुखापत होते. सांधे मोकळे करण्यास दहा मिनिटे, मग आरशाचा खेळ, ज्यात एकजण हलतो आणि दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. कोण पुढाकार घेत आहे हे पाहणाऱ्याला ओळखता येऊ नये इतके दोघे एक होईपर्यंत तो खेळावा.

त्यानंतर वजनाची देवघेव. समोरासमोर उभे राहून पायांची बोटे जवळजवळ भिडवा, एकमेकांची बोटे न धरता मनगटे धरा, पाठ सरळ ठेवून दोघांनी सावकाश मागे झुका, आणि गुडघे वाकवत एकत्र खाली बसून पुन्हा एकत्र उठा. इथे ताकद वापरली की तोल जातो. दोघांनी सारखेच वजन समोरच्यावर सोपवले की तो आपोआप सापडतो. ज्या दिवशी मनात एकमेकांबद्दल काही खुपत असते त्या दिवशी हा व्यायाम नीट होत नाही, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी आधी बोलून घ्यावे आणि मग उचल किंवा उडी करावी.

पडणे हे विदूषकाचे मूळ कसब आहे. आधी गुडघे वाकवून शरीर जितके जमिनीजवळ नेता येईल तितके न्यावे, हनुवटी छातीकडे घ्यावी, श्वास सोडावा, आणि पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, नितंबाची बाजू, मग खांद्याचा मागचा भाग अशा मांसल क्रमाने जमिनीवर उतरावे. सरळ ताठ हातावर किंवा माकडहाडावर कधीही पडू नये. पहिले दोन आठवडे गादीवर, नंतर लाकडी जमिनीवर. फरशी, सिमेंट किंवा डांबरावर पडण्याचे प्रवेश ठेवूच नयेत.

थपडेचा नियमही असाच पक्का आहे. मारणाऱ्याचा हात चेहऱ्याच्या पुढून, पुरेशा अंतरावरून जातो. आवाज मार खाणारा स्वतःच्या हातांच्या टाळीने काढतो. हात उगारण्यापूर्वी दोघांची नजर भिडलीच पाहिजे. हालचालीची सूत्रे नेहमी मार खाणाऱ्याच्या हाती असतात, कारण आपण तयार आहोत की नाही हे फक्त त्यालाच माहीत असते.

1956 मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा सुरू करणाऱ्या झाक लकॉक यांच्या परंपरेत शरीरातील ताणाच्या सात पातळ्या शिकवल्या जातात. अगदी हाडे नसल्यासारखे लोळागोळा झालेले शरीर ही पहिली, आणि ताणाने दगड झालेले शरीर ही सातवी. मध्ये सैल, काटकसरी, सावध, कृतिशील आणि आवेगी अशा पायऱ्या येतात. दोघांपैकी एक दुसऱ्या पातळीवर आणि दुसरा सहाव्या पातळीवर एकाच बाकावर येऊन बसला, तर संवादाची गरज उरत नाही. हा सराव महिनाभर केला तर पुढे रचनेला सामग्री कमी पडत नाही.

लकॉक यांच्याच शाळेतील एक प्रसंग मी प्रत्येक नव्या जोडीला सांगते. त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक करून मधे येऊन सर्वांना हसवायला सांगितले. विद्यार्थ्यांनी कसरती केल्या, शब्दखेळ केले, पण कोणीही हसले नाही. शेवटी ते हिरमुसून जागेवर परत जाऊ लागले, आणि त्यांच्या त्या उघड्या पडलेल्या फजितीला पाहून सगळे हसू लागले. क्लाउनचे सारे शिक्षण या प्रसंगात आहे. हशा मिळवण्याची धडपड सोडून आपली फजिती प्रामाणिकपणे लोकांसमोर ठेवावी लागते, आणि हे करायला जोडीदार लागतो, कारण फजितीत सोबत असेल तर माणूस लवकर मोकळा होतो.

लोकांकडे जाणे: आधी विदूषकाच्या लाल नाकाशिवाय

ज्या गटाबरोबर काम करायचे आहे त्याला आधीपासून ओळखणारी एक यजमान संस्था किंवा व्यक्ती असावी. थेट जाऊन प्रयोग करणे सोपे असते, पण तुम्ही निघून गेल्यावर उरणाऱ्या गोष्टी कोणीतरी सांभाळाव्या लागतात. यजमानाशी लेखी समजूत करावी: किती सत्रे, कोणती खोली, किती माणसे, प्रत्येक सत्रात त्यांच्यापैकी एक जबाबदार व्यक्ती पूर्ण वेळ हजर राहील का, छायाचित्रांची परवानगी कोण देणार, आणि लोकांच्या आठवणींतून जे रचले जाईल ते इतरत्र करायचे असल्यास कोणाला विचारायचे. लहान मुलांच्या बाबतीत, दोघांपैकी एकही कलावंत कोणत्याही मुलासोबत एकटा राहणार नाही, हा नियम विनाअपवाद असावा.

मग किमान तीन भेटी कोणतेही सादरीकरण न करता द्याव्यात. मदत करावी, खुर्च्या लावाव्यात, बसून राहावे. दोघांनी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी बसावे आणि परतताना टिपणे जुळवावीत. लोक वाट कुठे आणि कशी पाहतात, कोण कोणाची नक्कल करतो, कोणाच्या येण्याने आवाज कमी होतो, कोणत्या वस्तूवरून रोज कुरबुर होते, हे लिहावे. दुःखाबद्दल प्रश्न विचारू नयेत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आपले दुःख सांगण्याची अनेक समाजगटांना इतकी सवय झालेली असते की, तुम्हीही त्यासाठीच आलात असे समजून ते तेच तुमच्यापुढे ठेवतात. त्याऐवजी ‘इथे सर्वांत हट्टी वस्तू कोणती?’ असे विचारा. दाराची न लागणारी कडी, गळका नळ, डुगडुगणारे टेबल ही उत्तरे येतील. ती थेट विदूषकाच्या कामाची असतात.

लोकांना काय हवे आहे हे त्यांनाच विचारले की कामाला कशी दिशा मिळते, याचे उदाहरण 1993 मधले आहे. क्रोएशियातील निर्वासित छावणीतल्या मुलांशी बार्सिलोनामधील शाळकरी मुलांचा संपर्क होता. छावणीतल्या मुलांनी आपल्याला हसण्याची आठवण येते असे कळवले. त्यातून विदूषक तोर्तेल पोल्त्रोना तिथे प्रयोगाला गेले आणि ‘क्लाउन्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था उभी राहिली. मागणी मुलांची होती. हा क्रम जपावा.

कार्यशाळा: हालचाली गोळा करणे

बारा ते पंधरा माणसे, दीड तासाचे सत्र, आठवड्यातून एकदा, अशी आठ सत्रे पुरेशी होतात. जोडीचा खरा फायदा इथे दिसतो: एकजण खेळ चालवतो आणि दुसरा गटात बसून खेळतो, चुकतो, सर्वांत आधी हरतो. पहिल्या पाच मिनिटांत एका कलावंताने मनापासून हरून दाखवले की गटातल्या लाजाळू माणसाला धीर येतो. पुढच्या सत्रात भूमिका बदलाव्यात.

सत्राची सुरुवात वर्तुळात नाव आणि एक हालचाल यांनी करावी, सर्वांनी ती हालचाल परत करावी. मग लय, मग दोघादोघांचे खेळ, मग त्या दिवसाचा विषय, आणि शेवटी शांत बसून पाच मिनिटे गप्पा. प्रत्येक खेळाची बसून करण्याची आवृत्ती तयार ठेवावी. स्पर्श असलेल्या खेळाला काठी किंवा दोरी मधे धरून करण्याचा पर्याय असावा, आणि ‘आज मी नुसते पाहणार’ हे म्हणणे हाही सहभागच समजावा.

लोकांच्या गोष्टींपेक्षा मी त्यांच्या हालचाली गोळा करते. एका वृद्धाश्रमातल्या आजी खुर्चीतून उठत ते मी जवळून पाहिले. त्या आधी पावले मागे खुर्चीखाली ओढत, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवत, मग धड पुढे-मागे झुलवत: एक झोका, दुसरा झोका, तिसऱ्याला उठत. उभ्या राहिल्यावर मात्र लगेच चालत नसत; दोन्ही हातांनी कपड्यांच्या चुण्या सारख्या करत, मान वर घेत, जणू काही प्रयास पडलेच नाहीत अशा चेहऱ्याने एकदा सगळीकडे पाहत, आणि मग पहिले पाऊल टाकत. त्या चार क्षणांत कष्ट, युक्ती आणि अभिमान सगळे होते. त्यांची परवानगी घेऊन आम्ही ती हालचाल सर्वांना शिकवायला त्यांनाच सांगितले. पंधरा माणसे एकाच लयीत झुलू लागली तेव्हा त्या स्वतः सर्वांत मोठ्याने हसल्या.

परवानगी दोनदा घ्यावी: गोळा करताना एकदा, आणि प्रवेश रचून झाल्यावर तो त्या व्यक्तीला करून दाखवून दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी ‘नको’ म्हणण्याचा हक्क तिला आहे हे स्पष्ट सांगावे. कोणाचीही लकब केवळ नक्कल म्हणून वापरू नये. ती हालचाल विदूषकाला जमत नाही आणि त्या माणसाला जमते, अशी मांडणी करावी. मग हसू विदूषकावर येते.

हालचालीतून प्रवेश

विदूषकाचा प्रवेश एका साध्या कामावर उभा असतो. आमचे काम होते: दोघांनी एका बाकावर बसायचे आणि उठायचे. अडचण एवढीच की बाकाचे एक टोक सैल होते. एक उठला की दुसऱ्याकडचे टोक खाली जायचे. त्यामुळे उठायचे तर एकाच क्षणी उठायला हवे, आणि दोघांच्या लयी जुळत नव्हत्या. पहिल्या प्रयत्नात मी आधी उठले, जोडीदार घसरला. दुसऱ्यात तो आधी उठला. तिसऱ्यात आम्ही दोघे सावध झालो आणि कोणीच उठले नाही. एकदा घडते तेव्हा तो अपघात असतो, दुसऱ्यांदा घडते तेव्हा अपेक्षा तयार होते, आणि तिसऱ्यांदा ती अपेक्षा मोडावी लागते. तिसरीही पहिल्या दोहोंसारखीच ठेवली तर हशा विरतो.

प्रत्येक फजितीनंतर प्रेक्षकाकडे पाहणे अनिवार्य आहे. हार्डी कॅमेऱ्यात थेट पाहत, ते हेच. पडल्यावर आधी जोडीदाराकडे पाहावे, मग प्रेक्षकांतल्या एका विशिष्ट माणसाकडे, आणि त्या नजरेत श्वासभर थांबून मगच पुढची हालचाल करावी. नवे कलावंत हा थांबा गाळतात, कारण शांततेची भीती वाटते. जोडीने यासाठी एक सराव करावा: संपूर्ण प्रवेश करताना प्रत्येक नजरेच्या वेळी मनात तीनपर्यंत मोजावे. तालमीत ते अतिशय लांबलेले वाटते, प्रयोगात मात्र अगदी नेमके बसते.

बाकाच्या प्रवेशातली सोडवणूक त्या आजींच्या तीन झोक्यांतून आली. प्रेक्षकांनी मोजायचे, आम्ही झुलायचे, तिसऱ्याला एकत्र उठायचे. आजी तालमीला आल्या होत्या. प्रवेश संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, “तिसरा झोका तू घाईत घेतेस बाई. तिसऱ्याच्या आधी थांबायचं असतं, तिथं जोर साठतो.” त्या थांब्याने प्रवेशाचे टायमिंगच बदलले. म्हणून तालमी उघड्या दाराने करा आणि ज्यांच्याकडून सामग्री घेतली त्यांना दिग्दर्शनाची खुर्ची द्या.

प्रवेशाची संहिता एका पानावर, चार स्तंभांत लिहावी: कृती, अडचण, नजर कोणाकडे, आणि प्रेक्षकांनी काय केल्यास आपण काय करू. चौथा स्तंभ बहुतेक जण लिहीत नाहीत, पण सामुदायिक प्रयोगात तोच सर्वाधिक वापरला जातो. लहान मूल मधे येईल, कोणी रागावेल, कोणी मदतीला धावेल. हे होणारच आहे आणि त्याची तालीम करता येते.

गटाला आपल्या परिस्थितीत काही बदल घडवायचा असेल, तर ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेले फोरम थिएटर उपयोगी पडते. त्यात अन्यायाचा प्रसंग एकदा पूर्ण दाखवून पुन्हा सुरू करतात, आणि प्रेक्षक तो थांबवून पात्राची जागा घेतात व वेगळा मार्ग करून पाहतात. विदूषक जोडीने यात अन्याय करणाऱ्याचे आणि त्याच्या मदतनिसाचे काम करावे. अन्याय सोसणाऱ्याचे पात्र हास्यास्पद करू नये. ही मर्यादा मी कधीच ओलांडत नाही.

नाक, रंग आणि कपडे

लाल नाक हा जगातील सर्वांत छोटा मुखवटा आहे, असे लकॉक म्हणत. पण तो घालायलाच हवा असे नाही. काही मुलांना आणि मोठ्यांनाही रंगवलेल्या चेहऱ्याची भीती वाटते, म्हणून संपूर्ण चेहरा पांढरा करणे सामुदायिक कामात टाळावे. नाक घालायचे असेल तर ते लोकांसमोर, सावकाश, आधी चेहरा दाखवून घालावे. रंग वापरण्यापूर्वी मनगटाच्या आतील बाजूला लावून एक दिवस पाहावे. कपडे धुता येतील असे, गुडघ्यात सैल, आणि बूट तुमच्याच मापाचे असावेत; मोठे बूट हवे असतील तर आतला बूट पायाला घट्ट बसणारा हवा.

प्रयोगाचा दिवस

प्रयोग 35 ते 40 मिनिटांचा ठेवावा. जागा आदल्या दिवशी अनवाणी चालून तपासावी. प्रेक्षकांना अर्धवर्तुळात बसवावे, व्हीलचेअरसाठी मधली जागा राखावी, आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी, म्हणजे ज्याला उठून जायचे आहे त्याला कोणाला ओलांडावे लागणार नाही.

प्रेक्षकाला मंचावर बोलावताना त्याचे शरीर वाचावे. पुढे झुकलेला, नजर भिडवणारा माणूस तयार असतो. हसत हसत मागे सरकणारा, हात बांधणारा किंवा शेजाऱ्याकडे बोट दाखवणारा नकार देत असतो. त्या नकाराला विदूषकाने वाकून सलाम करावा आणि दुसरीकडे वळावे. आलेल्या माणसाला असे काम द्यावे की ज्यात तो हमखास यशस्वी होईल आणि त्याच्या यशाने विदूषक थक्क होतील. जोडीतला एक नेहमी त्या पाहुण्याच्या बाजूला उभा राहावा, आणि पाहुणा जागेवर परत बसेपर्यंत त्याची नजर पाहुण्यावरून हटू नये.

दोघांमध्ये प्रेक्षकांना न कळणारी एक खूण ठरलेली असावी, जसे उजव्या हाताने कॉलर सारखी करणे, जिचा अर्थ ‘इथेच थांबवू’ असा असतो. खूण दिसली की वाद न घालता प्रवेश मिटवून पुढे जायचे. कारणाची चर्चा नंतर होईल.

रुग्णालयातील काम ही स्वतंत्र विद्या आहे. 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकेल ख्रिस्टेन्सेन यांनी बिग ॲपल सर्कसच्या वतीने रुग्णालयांत विदूषकांचे नियमित काम सुरू केले, आणि त्यानंतर अनेक देशांत त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण उभे राहिले. त्या प्रशिक्षणाशिवाय वॉर्डात जाऊ नये. परंतु तिथली एक रीत सर्वत्र घेण्यासारखी आहे: दारातच थांबून आत येऊ का असे विचारायचे, आणि मूल नाही म्हणाले तर खरोखर निघून जायचे. रुग्णालयातल्या मुलाला नको म्हणता येईल अशी माणसे फार थोडी असतात.

पैसा

अंदाजपत्रकात प्रयोगाबरोबर ओळखीच्या भेटी, कार्यशाळा, तालमी, प्रवास, विमा, सामानाची दुरुस्ती, सहभागी लोकांचा प्रवासखर्च आणि कामानंतरची एक भेट हे सारे स्वतंत्र ओळींत लिहावे. फक्त प्रयोगाचे मानधन मागितले तर तीन चतुर्थांश काम फुकट होते, आणि मग ऐकण्याच्या भेटी सर्वांत आधी कापल्या जातात.

निघताना

शेवटची तारीख पहिल्याच सत्रात सर्वांना सांगावी आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी किती भेटी उरल्या ते मोजावे, विशेषतः मुलांबरोबर आणि वृद्धांबरोबर. प्रत्येक सत्रानंतर दोघांनी वीस मिनिटे बसावे: आधी काय घडले ते, मग स्वतःला काय वाटले ते, आणि जोडीदाराच्या कामावरची टिप्पणी दुसऱ्या दिवशी. थकलेल्या अवस्थेत केलेली टीका तालमीला उपयोगी पडत नाही.

अखेरच्या सत्रात जागा बदलाव्यात. लोकांनी प्रवेश करावा, दोघांनी प्रेक्षकांत बसावे, आणि त्यांनी मोजायला सांगितले की मोजावे. संहितेचे पान मोठ्या अक्षरांत लिहून यजमानाकडे द्यावे, शक्य असेल तर वस्तूही तिथेच ठेवावी. आम्ही बाक ठेवून आलो. सैल टोक पक्के करून देऊ का असे विचारले तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितले. दोन-तीन महिन्यांनी, नाक न घेता, दोघांनी मिळून पुन्हा एकदा जावे. त्या भेटीची तारीख निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावी.